हृदयाची भिंत हलते का? मुगा स्कॅनचा इतिहास



हृदयाचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक घरांत आधी एकच आकडा शोधला जातो, तो म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. ६० टक्के असेल तर सगळे निर्धास्त होतात, ३५ असेल तर घरात कुणाला जेवण जात नाही. त्याच कागदावर थोडं खाली आणखी एक ओळ असते, ती मात्र कुणी वाचत नाही. तिथे 'वॉल मोशन' असं लिहिलेलं असतं आणि पुढे हायपोकायनेटिक, अकायनेटिक असे अवघड शब्द असतात. हृदयाची कोणती भिंत नीट हलते आणि कोणती नाही, याचा हिशेब त्या ओळीत असतो.

आज त्या ओळीचा इतिहास सांगतो. छाती न उघडता, हृदय न थांबवता, त्याच्या भिंतींची हालचाल माणूस मोजायला कसा शिकला, आणि ते तंत्र मुंबईच्या परळपर्यंत आणि तिथून आपल्या नागपुरापर्यंत कसं पोचलं, ते पाहू. हा इतिहास समजला की दोन भीती कमी होतात. एक, 'अणू' या शब्दाची. दुसरी, 'थांबलेली भिंत म्हणजे मेलेली भिंत' या समजाची.

भिंत थांबली, तरी आकडा चांगला कसा?

हृदयाचा डावा खालचा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो. त्याची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाडीची, निव्वळ स्नायूची. दर ठोक्याला ती दोन कामं करते: आत सरकते आणि जाड होते. दिवसाला सुमारे एक लाख वेळा.

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात टेनंट आणि विगर्स या दोघांनी कुत्र्याच्या हृदयावर प्रयोग केला. हृदयाला रक्त देणारी एक धमनी त्यांनी बंद केली. मिनिटभरातच त्या धमनीवर अवलंबून असलेला भिंतीचा तुकडा आकुंचन पावेनासा झाला. बाकीचं हृदय आवळत होतं तेव्हा हा तुकडा उलट बाहेर फुगत होता. रक्त तुटलं की स्नायूचं काम किती लवकर थांबतं, हे तेव्हा स्पष्ट दिसलं.

आता बैलजोडीचा विचार करा. वखराला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एक ढिला पडला, तर दुसरा जास्त जोर लावतो. वखर चालतच राहतो. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. हृदयाचंही असंच होतं. एक भिंत मंदावली तर बाकीच्या भिंती भार उचलतात आणि इजेक्शन फ्रॅक्शन चांगलं येऊ शकतं. म्हणून एकूण आकड्यासोबत कोणता बैल ढिला आहे, हेही पाहावं लागतं.

१९६७ मध्ये बोस्टनच्या हर्मन, गोर्लिन आणि सहकाऱ्यांनी या बिघाडांची पद्धतशीर वर्गवारी मांडली. आजच्या रिपोर्टमधले शब्द त्याच वळणाचे आहेत:

- नॉर्मोकायनेटिक: भिंत नीट हलते.
- हायपोकायनेटिक: हलते, पण कमी.
- अकायनेटिक: हलतच नाही.
- डिस्कायनेटिक: आत यायच्या वेळी बाहेर फुगते.

पण त्या काळी ही हालचाल बघायची तर नळी थेट हृदयात घालून, औषध सोडून एक्स-रेची फिल्म काढावी लागे. अशक्त रुग्णाला ते झेपत नसे आणि दर महिन्याला तर ते करणं शक्यच नव्हतं. सोपा मार्ग हवा होता.

रक्तातच खूण सोडायची

हा मार्ग रक्तातून सापडला. १९२० च्या दशकात बोस्टनमध्ये डॉ. हर्मन ब्लमगार्ट यांनी माणसाच्या एका हाताच्या शिरेत अत्यल्प किरणोत्सारी पदार्थ टोचला आणि दुसऱ्या हाताजवळ तो कधी पोचतो, ते उपकरणाने टिपलं. निरोगी माणसात सरासरी १८ सेकंद लागले. शरीर न कापता रक्ताचा प्रवास बाहेरून मोजता येतो, हे सिद्ध झालं.

मात्र रुग्णाला देण्याजोगा पदार्थ मिळायला वेळ लागला. तो फार काळ शरीरात राहायला नको, पण तपासणी होईपर्यंत टिकायला हवा. असा पदार्थ म्हणजे टेक्निशियम. १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मो इथे पेरिए आणि सेग्रे यांनी तो शोधला. माणसाने कृत्रिमरीत्या तयार केलेलं हे पहिलं मूलद्रव्य. त्याच्या ज्या प्रकाराचा आपण तपासणीसाठी उपयोग करतो, तो टेक्निशियम-९९एम. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं आहे. म्हणजे सहा तासांनी निम्मा उरतो, बारा तासांनी पाव, आणि चोवीस तासांनी सोळावा हिस्सा.

रुग्णासाठी हे उत्तम, पण रुग्णालयासाठी अडचणीचं. मुंबईत तयार केलेलं टेक्निशियम रात्रीच्या गाडीने पाठवलं, तर सकाळी नागपूर स्टेशनवर उतरेपर्यंत त्यातला पाव हिस्साच उरेल. रोज गावोगाव माल पाठवायचा कसा?

याचं उत्तर अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिळालं. टेक्निशियम ज्यापासून तयार होतं, त्या मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तासांचं, म्हणजे पावणेतीन दिवसांचं आहे. मग टेक्निशियमऐवजी मॉलिब्डेनमच शिशाच्या जाड डब्यात घालून पाठवायचं. प्रवासात आणि नंतरही त्यातून टेक्निशियम बनत राहतं. रुग्णालयात सकाळी डब्यातून सलाइनचं पाणी सोडलं की टेक्निशियम त्यासोबत बाहेर येतं, मॉलिब्डेनम आतच राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतं. या डब्याला जगभरचे तंत्रज्ञ 'गाय' म्हणतात आणि टेक्निशियम काढण्याला 'दूध काढणं'. ही गाय आठवडाभरात आटते, मग नवी मागवावी लागते. ब्रुकहेवनने या शोधाचं पेटंट घेतलं नाही.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा बनवला. शरीरातून बाहेर येणारे गॅमा किरण टिपून त्यांचं चित्र तयार करणारा हा कॅमेरा. इथे एक फरक लक्षात घ्या. एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघतात आणि शरीरातून पार जातात. इथे किरण शरीरातून निघतात, कॅमेरा फक्त मोजतो.

चालत्या हृदयाचा फोटो

खूण मिळाली, कॅमेराही मिळाला. तरी एक अडचण उरली. एका ठोक्यात शरीरातून येणारे किरण इतके थोडे असतात की त्यातून स्पष्ट चित्र होत नाही. जास्त वेळ फोटो घ्यावा, तर हृदय हलत असल्यामुळे चित्र फिसकटतं.

समजा, अंधूक उजेडात झोक्यावर बसलेल्या मुलाचा फोटो काढायचा आहे. कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवली तर नुसता धुरकट पट्टा येईल. पण झोका पुढच्या टोकाला गेला की क्षणभर झडप उघडायची, मग बंद करायची. पुन्हा पुढे आला की पुन्हा उघडायची. शंभर-दोनशे झोके झाले की सगळे क्षण एकावर एक साठून मुलाचा चेहरा स्पष्ट दिसेल.

हृदयाच्या बाबतीत झोका कुठे आहे, हे ईसीजी सांगतो. ईसीजीतला उंच टोकदार भाग आला की नवा ठोका सुरू. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये स्ट्रॉस, झारेट, पिट आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. ईसीजीच्या इशाऱ्यावर कॅमेरा दोनच क्षणी चित्र घेई: कप्पा पूर्ण भरलेला असताना आणि पूर्ण आवळलेला असताना. हृदयात नळी न घालता त्यांनी इजेक्शन फ्रॅक्शन मोजलं, आणि कोणता भाग कमी हलतो, तेही दाखवलं.

ठरावीक वेळीच आत सोडणारं फाटक, म्हणून याला 'गेटेड' म्हणतात. पुढे रुग्णालयांत संगणक आले आणि दोनऐवजी एका ठोक्याचे सोळा-चोवीस तुकडे करता येऊ लागले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या बोरर, बाखराख, ग्रीन आणि सहकाऱ्यांनी रुग्ण व्यायाम करत असतानाही हे मोजून दाखवलं. विश्रांतीत नीट हलणारी भिंत श्रमात मंदावते, हे त्यातून दिसलं. मल्टिपल गेटेड अ‍ॅक्विझिशन, या नावाची अद्याक्षरं जुळवून मुगा स्कॅन हा शब्द तयार झाला. (आसामच्या मुगा रेशमाशी याचा काही संबंध नाही!)

आज मुगा स्कॅनमध्ये रुग्णाच्या स्वतःच्याच लाल रक्तपेशींना टेक्निशियमची खूण लावतात. मग कॅमेऱ्याखाली निवांत पडून राहायचं. शेकडो ठोके एकत्र होतात आणि पडद्यावर एक सरासरी ठोका पुन्हा पुन्हा चालताना दिसतो.

यात आकार मोजला जात नाही, किरणांची संख्या मोजली जाते. भरलेल्या कप्प्यातून १०,००० किरण मोजले आणि आवळलेल्या कप्प्यातून ४,०००, तर ६,००० इतकं रक्त बाहेर गेलं. म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. कप्पा वेडावाकडा असला तरी हा हिशेब बिघडत नाही. त्यामुळे आज आणि चार महिन्यांनी केलेल्या तपासणीची तुलना भरवशाने करता येते.

ट्रॉम्बे, परळ आणि नागपूर

आता आपल्याकडे येऊ. ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ ट्रॉम्बे इथे अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये सायरस आली. वीज आणि संशोधन यांच्यासोबत डॉ. होमी भाभांचं लक्ष औषधोपचारासाठी लागणाऱ्या किरणोत्सारी पदार्थांकडेही होतं. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरात. भारतातल्या अणुवैद्यकाच्या पहिल्या मोठ्या केंद्रांपैकी हे एक. डॉ. रमणिक गणात्रा यांच्यासारख्या डॉक्टरांनी ते घडवलं. देशभरच्या अनेक अणुवैद्यक तज्ज्ञांचं शिक्षण इथेच झालं.

परदेशी 'गाय' महाग होती, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत साधं मॉलिब्डेनम ठेवून मॉलिब्डेनम-९९ बनवायचं, आणि रुग्णालयात एका रासायनिक द्रावकाच्या मदतीने त्यातून टेक्निशियम वेगळं करायचं. काम किचकट होतं, रोज सकाळी हाताने करावं लागे. पण त्यामुळे परदेशी मालावर पूर्ण अवलंबून न राहता रुग्णांच्या तपासण्या होत राहिल्या. १९८५ मध्ये ध्रुव ही मोठी अणुभट्टी सुरू झाली. १९८९ मध्ये किरणोत्सारी औषधं पुरवण्यासाठी 'ब्रिट' हे स्वतंत्र मंडळ स्थापन झालं. ते नवी मुंबईत वाशीला आहे.

विदर्भातल्या कित्येक घरांनी परळ पाहिलेलं आहे. 'टाटाला नेलं' या दोन शब्दांत काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. रात्री विदर्भ एक्सप्रेस, सकाळी दादर, मग धर्मशाळेत जागा मिळते का याची चिंता. रेल्वेने आठशे किलोमीटरहून जास्त अंतर. सहा तासांत निम्मं होणारं औषध हे अंतर तोडू शकत नव्हतं, पण ६६ तासांचं मॉलिब्डेनम तोडू शकतं. आज नागपुरात गॅमा कॅमेरे आहेत, ते चालतात याच गणितावर.

जिथे ही तपासणी निर्णय ठरवते

पहिलं ठिकाण म्हणजे कॅन्सरचा उपचार. स्तनाचा कॅन्सर आणि लिम्फोमा यांत अ‍ॅड्रियामायसिन नावाचं लाल रंगाचं औषध दिलं जातं. ते जीव वाचवतं, पण काहींच्या हृदयाचा स्नायू अशक्त करतं. १९७९ मध्ये येल विद्यापीठातल्या एका गटाने (यात १९७१ चे झारेटही होते) उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा अशी तपासणी केली. ज्यांना पुढे गंभीर हार्ट फेल्युअर झालं, त्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन आधीच किमान १५ अंकांनी घसरून ४५ किंवा त्याखाली आलेलं होतं. म्हणजे धाप लागण्याआधी, पायाला सूज येण्याआधी इशारा मिळत होता. आज साधारणपणे १० अंकांहून मोठी घसरण होऊन आकडा ५० च्या खाली गेला, तर डॉक्टर सावध होतात.

इथेही भिंतींची हालचाल बोलकी असते. हार्ट अटॅकमध्ये बहुधा एका धमनीच्या इलाख्यातली भिंत बिघडते, बाकीच्या नीट असतात. औषधाच्या दुष्परिणामात बहुधा सगळ्या भिंती मिळून मंदावतात.

दुसरं ठिकाण म्हणजे हार्ट अटॅकनंतरची थांबलेली भिंत. आपल्याकडचा बेडूक उन्हाळ्यात जमिनीत गाडून घेतो, मेल्यासारखा पडून राहतो आणि पहिल्या पावसाला बाहेर येतो. हृदयाचा स्नायूही रक्त कमी मिळालं की काम थांबवून जीव वाचवू शकतो. १९८० च्या दशकात डॉ. शहाबुद्दीन रहिमतुला यांनी ही कल्पना जगभर रुजवली. याला हायबरनेटिंग मायोकार्डियम म्हणतात. अकायनेटिक असं लिहिलेली भिंत जिवंतही असू शकते.

ते ओळखायला थॅलियम किंवा सेस्टामिबी स्कॅन उपयोगी पडतो. यात खूण रक्तात नाही, थेट जिवंत स्नायूत जाऊन बसते. १९९० च्या दशकात हाही स्कॅन ईसीजीशी जोडला गेला आणि एकाच तपासणीत रक्तपुरवठा आणि हालचाल दोन्ही दिसू लागलं. यात भिंत जाड होताना अधिक उजळ दिसते, त्यावरून ती काम करते की नाही ते कळतं. बायपास झालेल्या अनेकांमध्ये दोन कप्प्यांमधला पडदा उलट दिशेने सरकताना दिसतो, पण तो जाड होत असतो, म्हणजे स्नायू निरोगी असतो. अशा रिपोर्टने घाबरू नका.

मात्र स्नायू जिवंत दिसला म्हणजे बायपास केलीच पाहिजे, असा सरळ नियम नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टिच अभ्यासात, बायपासचा फायदा कुणाला होईल हे केवळ या तपासणीवरून ठरवता आलं नाही. वय, धमन्यांची अवस्था, इतर आजार, सगळं मिळून निर्णय होतो.

तुमच्या मनातले प्रश्न

*इको असताना मुगा कशाला?* बहुतेकांना इको पुरेसा असतो. त्यात किरणोत्सार नाही, झडपाही दिसतात आणि खर्च कमी. म्हणून आज पहिली तपासणी इकोच. पण स्थूलपणामुळे, फुप्फुसाच्या आजारामुळे किंवा छातीच्या शस्त्रक्रियेमुळे इकोचं चित्र स्पष्ट येत नसेल आणि नेमक्या आकड्यावर औषध चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरणार असेल, तर मुगा सांगितला जातो.

*किरणोत्सार किती?* साधारण ५ ते ७ मिलीसिव्हर्ट. माती, आकाश आणि अन्न यांतून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे दोन-तीन वर्षांचा नैसर्गिक किरणोत्सार. कारण असेल तर घाबरायचं नाही, कारण नसेल तर करायचा नाही.

*जाताना काय सांगायचं?* गर्भवती असाल, तशी शक्यता असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर आधीच सांगा. नाडी अनियमित असेल तर तेही सांगा. ठोके एकसारखे नसतील तर ते एकावर एक नीट बसत नाहीत आणि आकडा चुकू शकतो. तपासणीनंतर भरपूर पाणी प्या आणि त्या दिवशी लहान बाळांना फार वेळ मांडीवर घेऊ नका.

*इकोत ५८ आणि मुगात ५२, म्हणजे हृदय बिघडलं?* नाही. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी लावू नका. मुगाची तुलना मुगाशी करा, शक्यतो एकाच केंद्रात. जुने सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि दर वेळी सोबत न्या. आजचा आकडा किती, यापेक्षा तो मागच्या वेळेहून किती बदलला, हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की इजेक्शन फ्रॅक्शनच्या खालची ओळ जरूर वाचा. त्यात काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: 'कोणती भिंत?' आणि 'ती जिवंत आहे का?' आणि या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत स्वतःच्या मनाने कोणतंही औषध, विशेषतः कॅन्सरचं, बंद करू नका.